शब्दांचे गाणे, शब्दांवाचून नृत्य : मॉस्कोच्या प्रेक्षागृहांतील एक शतक

'बॅले' या शब्दासाठी मराठीत आपण 'नृत्यनाट्य' हा शब्द सहज वापरतो. पण तो वापरताना एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. आपल्याकडील नृत्यनाट्यात नर्तकाच्या मागे बहुधा गायक असतो, त्याच्या गाण्याला शब्द असतात आणि नर्तकाचा अभिनय त्या शब्दांचा अर्थ उलगडत जातो. युरोपीय बॅलेत वाद्यवृंद असतो, हालचाल असते, वेशभूषा आणि नेपथ्य असते. शब्द मात्र नसतो. वृंदगानाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. चाळीस-पन्नास माणसे एकाच वेळी तोच शब्द उच्चारत आहेत, हाच त्या कलेचा गाभा. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत तर वाद्यांना मज्जावच आहे, त्यामुळे तेथील वृंदगान निव्वळ मानवी कंठावर आणि धर्मग्रंथांतील शब्दांवर उभे राहिले.

एकाच शहरात, बरेचदा एकाच प्रेक्षकवर्गासमोर, या दोन कला शेजारीशेजारी नांदल्या, तर एका शतकाच्या उलथापालथीत त्यांचे काय होते? मॉस्कोचा इतिहास या प्रश्नाचे जे उत्तर देतो ते प्रथमदर्शनी बुचकळ्यात टाकणारे आहे. झारच्या तिजोरीवर पोसलेला, सरदार-दरकदारांची करमणूक म्हणून ओळखला जाणारा बॅले क्रांतीनंतर तगला; आणि ज्याची मुळे सामान्य जनांच्या उपासनेत होती ते धार्मिक वृंदगान मात्र मुके झाले. या विसंगतीचा उलगडा करण्याचा येथे प्रयत्न आहे.

क्रांतीपूर्व मॉस्कोत या दोन कलांची व्यवस्था वेगवेगळी होती. आजचे बोल्शोय थिएटर १८२५ मध्ये उभे राहिले, १८५३ मध्ये आगीत जळाले आणि १८५६ मध्ये पुन्हा उघडले. ते शाही थिएटर होते. त्याच्या जुन्या नटसंचात जमीनदारांच्या पदरी असलेले आणि शासनाने विकत घेतलेले भूदास कलावंतही होते, ही गोष्ट त्या सोनेरी सज्जांकडे पाहताना सहसा आठवत नाही. वृंदगानाचे मुख्य पीठ म्हणजे सिनोडल गायकवृंद. पुरुष आणि लहान मुलगे यांचा हा वृंद क्रेमलिनमधील उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये गात असे, आणि त्याला जोडून एक संगीतशाळा होती. प्रेक्षकांचे वर्षही जणू या दोन कलांनी वाटून घेतले होते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात नाट्यप्रयोगांवर बंदी असे, मैफलींना मात्र परवानगी असे. हिवाळ्यात ज्याने बोल्शोयमध्ये बॅले पाहिला, तोच रसिक उपवासाच्या आठवड्यांत वृंदगान ऐकायला जाई.

दोन ठिकाणचे शिष्टाचारही निराळे होते. बॅलेत टाळ्या हा प्रयोगाचाच भाग होता. आवडत्या नर्तकीला पुन्हा पुन्हा पडद्याबाहेर बोलावणे हा हौशी प्रेक्षकांचा हक्क समजला जाई. धार्मिक संगीताच्या मैफलीत टाळ्यांना मनाई असे. कार्यक्रम सभागृहात होत असला तरी गायिले जाणारे शब्द प्रार्थनेचे होते, आणि प्रार्थनेला कोणी दाद देत नाही. शब्दाचे वजन असे प्रेक्षकाच्या हातांपर्यंत पोचलेले होते.

हे वजन सत्तेलाही ठाऊक होते. चायकोव्हस्कीच्या बाबतीत ते फार स्पष्ट दिसते. त्याचा 'स्वान लेक' १८७७ मध्ये बोल्शोयमध्ये रंगमंचावर आला. तो फारसा गाजला नाही, पण त्याला कोणी अडवलेही नाही. पुढच्याच वर्षी त्याने संत जॉन क्रिसोस्टमच्या उपासनाविधीला चाल लावली. त्यातला एकही शब्द त्याचा स्वतःचा नव्हता. सगळे शब्द शतकानुशतके चर्चमध्ये गायिले जाणारे. तरीही छापलेल्या प्रती प्रकाशकाकडून जप्त करण्यात आल्या, कारण धार्मिक संगीताला संमती देण्याचा अधिकार सेंट पीटर्सबर्ग येथील दरबारी गायनशाळेच्या संचालकाकडे होता आणि ती संमती घेतलेली नव्हती. प्रकाशक युर्गेन्सन न्यायालयात गेला आणि जिंकला. १८८० च्या डिसेंबरात ही रचना मॉस्कोत मैफलीत गायिली गेली, तेव्हा एका धर्माधिकाऱ्याने वृत्तपत्रातून निषेध नोंदवला : पवित्र शब्द सभागृहात आणलेच कसे? एकाच संगीतकाराच्या दोन लागोपाठच्या कृती. एकीच्या वाट्याला फार तर टीका आली, दुसरीच्या वाट्याला पोलीस आले.

शब्दहीन कलेवरचा मोठा आक्षेप आला तो सत्तेकडून नव्हे, साहित्याकडून. १८९७-९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कला म्हणजे काय?' या ग्रंथाच्या आरंभीच टॉलस्टॉय एका ऑपेराच्या तालमीचे वर्णन करतो आणि विचारतो, की एवढे श्रम, एवढा पैसा आणि माणसांचा एवढा अपमान हे सारे कोणासाठी? बॅलेचा उल्लेख तर तो तुच्छतेनेच करतो. शेतकऱ्याच्या करातून चालणारी आणि शेतकऱ्याला न समजणारी कला त्याला अनैतिक वाटत होती. हा प्रश्न लक्षात ठेवायला हवा, कारण पंचवीस वर्षांनी तो निराळ्याच मुखातून पुन्हा ऐकू येणार होता.

१९१५ चा मार्च महिना हा मॉस्कोच्या वृंदगानाचा सर्वोच्च क्षण मानला जातो. पहिले महायुद्ध सुरू होते. राखमानिनोव्हने दोन आठवड्यांच्या आत लिहून काढलेली 'रात्रभराची उपासना' ही पंधरा भागांची रचना सिनोडल वृंदाने निकोलाय दानिलिनच्या संचालनाखाली सरदारसभेच्या मोठ्या सभागृहात सादर केली. उत्पन्न युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी होते. ही रचना राखमानिनोव्हने स्तेपान स्मोलेन्स्की या, प्राचीन चर्चगायनाची गोडी लावणाऱ्या आपल्या गुरूच्या स्मृतीला अर्पण केली होती. पाचव्या भागाच्या शेवटी खर्जाचे गायक पायरी-पायरीने इतके खाली उतरतात, की असे आवाज मिळतील कोठे हीच संचालकाला चिंता होती. श्रोत्यांची मागणी एवढी होती, की महिन्याभरात आणखी पाच वेळा ती गावी लागली. युद्धात माणसे गमावणाऱ्या शहराला आपल्या परंपरेतले शब्द नव्या स्वरांत ऐकायला मिळाले. तीनच वर्षांनी तो वृंद उरला नाही.

१९१८ च्या आरंभी नव्या सरकारने चर्च आणि राज्यसंस्था, चर्च आणि शाळा यांची फारकत केली. सिनोडल शाळेचे 'लोक-वृंदगान अकादमी'त रूपांतर झाले, आणि १९२३ मध्ये ती मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत विलीन झाली. सरदारसभेची इमारत कामगार संघटनांकडे गेली. ज्या स्तंभांच्या सभागृहात 'रात्रभराची उपासना' प्रथम गायिली गेली, तेथेच १९२४ मध्ये लेनिनचे शव दर्शनासाठी ठेवले गेले आणि १९२८ मध्ये शाख्ती खटला चालला. १९३६ ते १९३८ या काळातले कुप्रसिद्ध खटले त्याच इमारतीत झाले.

बॅलेचेही मरण जवळ आले होते. १९२२ च्या जानेवारीत लेनिनने बोल्शोयचे अनुदान तोडून मॉस्को आणि पेत्रोग्राद मिळून काही डझन कलावंत तेवढे ठेवावेत असा आग्रह धरला. देशात दुष्काळ होता, शाळांना पैसा नव्हता, आणि ऑपेरा-बॅले ही त्याच्या मते जमीनदारी संस्कृतीची खूण होती. टॉलस्टॉयचा प्रश्न आता राज्यकर्ता विचारत होता. शिक्षणखात्याचा प्रमुख लुनाचार्स्की याने चिवटपणे विरोध केला. थिएटर बंद करून फारशी बचत होणार नाही, इमारत राखावी आणि तापवावी लागेलच, हा त्याचा एक व्यावहारिक युक्तिवाद होता. अखेर बोल्शोय वाचले. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला सोव्हिएत संघाच्या स्थापनेची घोषणा बोल्शोयच्याच रंगमंचावरून झाली. झारसाठी बांधलेली वास्तू नव्या राज्याचे सभागृह झाली होती.

बोल्शोय वाचण्यामागे लुनाचार्स्कीची चिकाटी होती, वास्तूची उपयुक्तता होती, नृत्यशाळेची अखंड परंपरा होती. ही सर्व कारणे खरी आहेत. सिनोडल वृंद बुडाला तो चर्च हा त्याचा आश्रयदाता बुडाल्यामुळे, हेही खरे. पण आश्रयदाता बॅलेनेही गमावला होता. नव्या सत्तेने एकाला दत्तक घेतले आणि दुसऱ्याला घेतले नाही, ते का? राजकुमार आणि हंसकन्या यांची कथा शब्दांत सांगितली जात नव्हती. म्हणून तिच्यात नवा अर्थ भरता येत होता किंवा अर्थाकडे काणाडोळा करता येत होता. प्रार्थनेच्या बाबतीत ही सोय नव्हती. ती जे म्हणते तेच म्हणते.

दरम्यान प्रेक्षक बदलला होता. क्रांतीनंतर तिकिटे कामगार संघटनांमार्फत वाटली गेली आणि ज्यांनी नाट्यगृहात कधी पाऊल टाकले नव्हते ती माणसे थंड सभागृहांत अंगावरच्या कोटानिशी येऊन बसली. स्तानिस्लाव्हस्कीने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे, की या प्रेक्षकाला शांत बसणे, वेळेवर येणे, टोपी काढणे, दाणे न खाणे येथपासून शिकवावे लागले. हा प्रेक्षक बॅलेने जिंकला. पुढच्या पिढ्यांत बोल्शोयच्या तिकिटासाठी रात्रभर रांगा लागत, आणि दारापाशी अनोळखी माणसाला 'जादा तिकीट आहे का?' असे विचारणे ही मॉस्कोची ओळख होऊन बसली. टॉलस्टॉयच्या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर या रांगांनी दिले, असेही म्हणता येईल.

वृंदगान संपले मात्र नाही. त्याचे शब्द बदलले. आपला मुद्दा खरा सिद्ध होतो तो येथे. अलेक्सान्द्र अलेक्सान्द्रोव्ह हा १९१८ ते १९२२ या काळात ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रलमधील वृंदाचा संचालक होता. १९२८ मध्ये त्यानेच अवघ्या बारा कलावंतांनिशी लाल सैन्याचे गीतपथक उभारले, जे पुढे जगभर गाजले. त्याचे जुने कॅथेड्रल १९३१ च्या डिसेंबरात सुरुंग लावून पाडण्यात आले. त्याने रचलेली चाल १९४४ पासून सोव्हिएत संघाचे राष्ट्रगीत झाली. या राष्ट्रगीताचा पुढचा इतिहास कोणत्याही साहित्याच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. त्यात स्तालिनचे नाव होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ते नाव उच्चारणे अडचणीचे झाले, आणि १९७७ पर्यंत हे राष्ट्रगीत शब्दांवाचूनच वाजवले जाई. एका महासत्तेला वीस वर्षे स्वतःविषयी काय म्हणावे हे सुचले नाही. १९७७ मध्ये मिखाल्कोव्ह या मूळ गीतकारानेच सुधारित शब्द दिले. १९९० मध्ये रशियाने ग्लिंकाची एक चाल स्वीकारली. तिलाही अधिकृत शब्द नव्हते. २००० च्या डिसेंबरात अलेक्सान्द्रोव्हची चाल परत आली, आणि त्याच वयोवृद्ध मिखाल्कोव्हने तिसऱ्यांदा शब्द लिहिले. चाल एक, गीतकार एक, शब्द तीनदा.

हीच युक्ती ग्लिंकाच्या ऑपेरावरही वापरली गेली होती. 'झारसाठी प्राण' हे १८३६ मधले नाव टाकून १९३९ मध्ये बोल्शोयने तो 'इव्हान सुसानिन' म्हणून सादर केला. सेर्गेई गोरोदेत्स्की या कवीने नवे शब्द लिहिले आणि शेवटच्या भव्य समूहगीतातला झारचा जयजयकार जन्मभूमीचा झाला. स्वर तेच राहिले. क्रांतीच्या बाजूचे शब्ददेखील सुरक्षित नव्हते, हे प्रोकोफियेव्हच्या उदाहरणावरून कळते. १९३७ मध्ये त्याने क्रांतीच्या विसाव्या वर्धापनदिनासाठी मार्क्स, लेनिन आणि स्तालिन यांच्या लेखनातले उतारे घेऊन प्रचंड वृंदगान रचले. याहून सोज्वळ शब्द कोणते असणार? तरीही त्याला परवानगी मिळाली नाही. ते प्रथम ऐकू आले १९६६ मध्ये, संगीतकाराच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. आणि तेव्हा स्तालिनच्या शब्दांचे भाग गाळलेले होते.

बॅलेला मोकळे रान होते असा याचा अर्थ नाही. १९३६ च्या फेब्रुवारीत 'प्रावदा'ने शोस्ताकोविचच्या 'लख्ख ओढा' या बॅलेवर हल्ला चढवला. सामूहिक शेतीवरचे जीवन त्यात खोटे आणि बाहुल्यांसारखे दाखवले आहे, हा आरोप होता. पण येथेही नेम कोणावर होता ते पाहावे. आक्षेप होता तो कथेवर, म्हणजे बॅलेत जेवढा शब्द होता तेवढ्यावर. नृत्यदिग्दर्शक लोपुखोव्हचे पद गेले; कथालेखकांपैकी अद्रियान पिओत्रोव्हस्की याला १९३७ मध्ये अटक करून ठार मारण्यात आले. शब्दहीन कलेतही सर्वांत मोठी किंमत शब्दाच्या माणसाने मोजली.

१९६२ या एका वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत हा सगळा विरोध एकवटून दिसतो. ऑक्टोबरात बलांशिन आपला न्यूयॉर्क सिटी बॅले घेऊन मॉस्कोत आला. १९२४ मध्ये देश सोडून गेलेला हा माणूस कथाही नाकारणारा होता. त्याच्या अनेक बॅलेंत केवळ संगीत आणि शरीर यांचे नाते असे. समीक्षक गोंधळले, पण प्रयोग झाले. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या तोंडाशी उभे असतानाही प्रेक्षक येतच राहिले. डिसेंबरच्या १८ तारखेला कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात शोस्ताकोविचची तेरावी सिंफनी सादर झाली. खर्जाचा एक गायक आणि केवळ पुरुषांचा वृंद अशी तिची योजना होती. शब्द होते येव्तुशेंकोच्या कवितांचे, आणि पहिली कविता बाबी यार येथील ज्यूंच्या कत्तलीविषयी होती. संचालक म्हणून म्राविन्स्कीने अंग काढून घेतले आणि कोंद्राशिनने ते काम पत्करले. ठरलेला गायक आयत्या वेळी आला नाही, ग्रोमाद्स्की गायला. सरकारी सज्जा रिकामा होता. कार्यक्रमपत्रिकेत कविता छापलेल्या नव्हत्या. प्रेक्षकांनी उभे राहून दाद दिली, आणि लवकरच येव्तुशेंकोला काही ओळी बदलाव्या लागल्या. कथाहीन नृत्य चालले. वृंदाने एकमुखाने उच्चारलेल्या ओळी चालल्या नाहीत. एक कवी कविता वाचतो तेव्हा तो त्याचा अभिप्राय असतो; तीच ओळ वृंद गातो तेव्हा ती साक्ष होते.

मात्र शब्दहीनतेचा हा आडोसा दोन्ही बाजूंना वापरता येतो, आणि प्रेक्षकाने तो वापरला. माया प्लिसेत्स्कायाचे वडील १९३८ मध्ये गोळ्या घालून मारले गेले होते आणि आई छावणीत गेली होती. १९५६ मध्ये बोल्शोयचा संच प्रथमच लंडनला गेला तेव्हा तिला वगळण्यात आले. त्या ऑक्टोबरात ती मॉस्कोत 'स्वान लेक' नाचली. तिच्या आठवणींनुसार, टाळ्यांचे निदर्शन होऊ नये म्हणून अधिकाऱ्यांनी आधीच दम दिला होता, आणि प्रयोगात टाळ्या थांबेनात तेव्हा काही प्रेक्षकांना धरून बाहेर नेण्यात आले. धार्मिक मैफलीतील टाळ्यांची जुनी मनाई आणि ही नवी मनाई यांत केवढे अंतर! तेथे शब्दांच्या आदरापोटी हात आवरले जात; येथे हातच शब्दांचे काम करू लागले होते.

धार्मिक वृंदगानाचे पुनरागमन संथ होते. १९६५ मध्ये स्वेश्निकोव्हने आपल्या सरकारी वृंदाकडून 'रात्रभराची उपासना' ध्वनिमुद्रित करून घेतली. तिचे मोल संगीत म्हणून मान्य होते, प्रार्थना म्हणून नव्हे. १९८८ मध्ये रशियातील ख्रिस्ती धर्माला हजार वर्षे झाली आणि त्याचा मुख्य समारंभ झाला तो बोल्शोय थिएटरमध्ये. आज कॉन्झर्व्हेटरीजवळच्या जुन्या सिनोडल शाळेच्या इमारतीतले सभागृह राखमानिनोव्हच्या नावाने ओळखले जाते.

आणि बॅले? १९८२ ते १९८५ या काळात ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह, चेर्नेंको असे तीन नेते लागोपाठ वारले. प्रत्येक वेळी नेहमीचे कार्यक्रम थांबवून दूरचित्रवाणीवर गंभीर संगीत आणि बॅले दाखवले गेले. १९ ऑगस्ट १९९१ रोजी बंडखोरांनी सत्ता हाती घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा पडद्यावर पुन्हा पुन्हा 'स्वान लेक' होता. ज्या गुणामुळे बॅले तगला, तोच गुण आता सत्तेला उपयोगी पडत होता : काही सांगायचे नसेल तेव्हा दाखवण्याची वस्तू. पण प्रेक्षक एवढ्या दिवसांत वाचायला शिकला होता. पडद्यावर हंस दिसले की काहीतरी घडले आहे, एवढे घरोघरी कळत होते. ३ मार्च २०२२ रोजी 'दोझ्द' ही स्वतंत्र वाहिनी बंद पडली, तेव्हा निरोप घेताना तिने 'स्वान लेक'चाच तुकडा दाखवला. त्या वेळी स्पष्टीकरणाची गरज कोणालाच भासली नाही.

चायकोव्हस्कीच्या त्या स्वरांत यांपैकी काहीही नव्हते. अर्थ भरला तो प्रेक्षकांनी. साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण शब्दाला अर्थाचे एकमेव घर मानतो, आणि सेन्सॉरही तेच मानतो. वृंदगानाचे शब्द खोडताना, बदलताना, गाळताना मॉस्कोच्या सत्तेने शब्दाला त्याचा पुरता मान दिला, असे उपरोधाने म्हणता येईल. तिला हाताळता आला नाही तो दुसरा अर्थ : रांगेत उभ्या राहिलेल्या, जादा तिकीट शोधणाऱ्या, मनाई असताना टाळ्या वाजवणाऱ्या माणसांनी मूक कलेला दिलेला. संहितेचा इतिहास लिहिणे सोपे असते, कारण ती हाती असते. या दुसऱ्या अर्थाचा इतिहास लिहायचा तर प्रेक्षकांकडे पाहावे लागते. आपल्या नाट्य-संगीतविषयक लेखनात ही बाजू अजून पुरेशी आलेली नाही.